फलाट क्रमांक तीन

“तुझ्या तोंडाला डिझेल लागत न्हाई काय गं?”

निकम तात्या माझ्याशी बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. तेही कुजबुजत. तोवर मी त्यांच्या खोलीतल्या लोखंडी खुर्चीवर बसून पाऊण तास एकटीच बोलत होते. माझं बी.ए., मला बघायला आलेला आणि कांदेपोह्यांची तिसरी बशी मागणारा मुलगा, शेजारच्यांची म्हैस, सगळं सांगून झालं होतं. तात्या कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. गळ्याला मफलर, हातात पाण्याचा स्टीलचा पेला. मधूनच ते पेल्यावर बोटातल्या अंगठीनं एकदा टण् करून वाजवायचे. मला वाटायचं, सवय असेल.

“एक वाजवली म्हंजे थांब,” ते म्हणाले. “दोन वाजवल्या म्हंजे जाऊ दे. एसटीत बसली न्हाईस कधी?”

कंडक्टरची घंटा! एकदा टण् म्हणजे गाडी थांबवा, दोनदा म्हणजे सोडा. मी कितीतरी घंटा न ऐकता गाडी तशीच हाणली होती. मी ओशाळून गप्प बसले. मग त्यांनीच पेला दोनदा वाजवला आणि म्हणाले, “हं. म्हशीचं काय झालं पुढं?”

मला तिथं धाडलं होतं मुल्ला सरांनी. सर शाळेत आम्हाला गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘सांगाती’ नावाचं मंडळ काढलं. मंडळ म्हणजे सर, त्यांची सायकल आणि आम्ही चार-सहा पोरंपोरी. आमच्या तालुक्याच्या गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं सरांनी हेरून ठेवली होती. प्रत्येकानं दर आठवड्याला आपापल्या माणसाकडे जायचं आणि गप्पा मारत बसायचं, एवढंच काम. रिकाम्या हातानं जायचं, म्हणजे त्यांना परतफेडीची चिंता नको. आणि उपदेश अजिबात करायचा नाही. हे शेवटचं सांगताना सरांनी माझ्याकडेच बघितलं होतं.

“निकमांकडे तू जा, जयमाला,” सर म्हणाले होते. “आवाज ऐकलास की ओळखशील.”

ओळखणारच होते. सर्जेराव निकम म्हणजे आमच्या स्टँडचे कंट्रोलर. आमचं घर स्टँडच्या मागच्या आळीत, त्यामुळे मी मोठी झाले ती त्यांच्या आवाजावर. घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. पहाटे भोंग्यातून “कराऽड, कराऽड” असं आलं की आई माझं पांघरूण ओढायची. शाळेच्या भूगोलात मला जी गावं पाठ होती ती नकाशावरून नाही, त्यांच्या तोंडून. मायणी, कलेढोण, विटा, खानापूर, एकेक गाव ते असं घ्यायचे, जणू तिथं त्यांची बहीण दिली आहे. आणि दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी ठरलेलं एक वाक्य जास्तीचं असायचं. “माहेरवाशिणींनी पळू नये. तुम्हाला घेतल्याशिवाय गाडी हलायची नाही.”

हा माणूस दिसायचा मात्र कोणाला नाही. कंट्रोलरच्या खोलीच्या काचेवर जाहिराती डकवलेल्या, आत अंधार. गावाला त्यांचा आवाज ठाऊक होता, तोंड नाही. मीसुद्धा त्यांना बाजारात कितीदा ओलांडून गेले असेन.

आणि आता तो आवाज ऐकायला गेले, तर गळ्यातून नुसतं खरखरीत वारं यायचं. पहिल्या दिवशी मला फसवल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तरी मी जात राहिले. घरी बसून पाहुण्यांपुढं ट्रे धरण्यापेक्षा ते बरं होतं. शिवाय माझं बोलणं इतक्या निवांतपणे ऐकणारं माणूस मला आयुष्यात दुसरं भेटलं नव्हतं. तात्यांच्या दोन खोल्या स्टँडच्या भिंतीला अगदी लागून. पण त्या बाजूची खिडकी कायम बंद.

“उघडू का?” मी एकदा विचारलं.

“नको. त्यो बाबर बोलत असतो.”

बाबर म्हणजे नवे कंट्रोलर. तात्यांच्या हाताखाली शिकलेले.

“मग काय झालं? तुमचाच चेला.”

“माइकात बोलत न्हाई त्यो. माइकाला दम देतो.”

मी इतकी हसले की तात्यांनाही हसू आलं. पण हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि तो थांबेना. मफलर तोंडाशी धरून ते वाकले. ठसका थांबला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि मफलरवर तांबडं काहीतरी होतं. त्यांनी मफलरची घडी फिरवली. मीही बघितलं नाही असं दाखवलं.

मुल्ला सरांना मी वाटेतच गाठलं. सरांनी सायकल कडेला लावली आणि चष्मा पुसत राहिले. वाईट सांगायचं असलं की सर चष्मा पुसायचे.

“घशाचा कॅन्सर आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय, दिवाळी झाली की लगेच ऑपरेशन करा. निघेल म्हणतात सगळं. पण स्वरयंत्र काढावं लागणार. आवाज कायमचा जाणार.”

“आणि नाही केलं तर?”

“तर पुढच्या दिवाळीला निकम नाही.”

“मग करायलाच पाहिजे!”

“तो नको म्हणतो. माझ्याकडं राहा, सगळं मी बघतो, इतकं म्हणून झालं माझं. हूं नाही की चूं नाही.”

“मी सांगते.”

“तू काही सांगणार नाहीस,” सर वर्गातल्या आवाजात म्हणाले. “सगळं गाव सांगून दमलंय. तू सांगितलंस तर तुलाही दार बंद होईल. मग त्याच्याकडं जाणारं कोणी राहणार नाही.”

पुढच्या गुरुवारी मी तोंड शिवून गेले. म्हणजे निदान तसं ठरवलं होतं. बसले, उठले, माठातलं पाणी प्याले, परत बसले. तात्या माझ्याकडे बघत होते.

“मुल्लानं सांगितलं न्हवं?” ते म्हणाले.

मी मान हलवली.

“आन् बोलायचं न्हाई म्हणून बजावलंय.”

मी पुन्हा मान हलवली. तात्यांनी पेला दोनदा वाजवला. बोल.

“का नको म्हणताय, एवढंच सांगा,” मी म्हणाले. “मी उपदेश करणार नाही. शप्पथ.”

त्यांनी पेला खाली ठेवला. मग बंद खिडकीकडं हात केला.

“ही खिडकी तवा उघडी असायची. आमची मंडळी, कौसल्या, हितं चुलीपाशी बसायची. मी तिकडं माइकावर. दुपारची फलटण गाडी मी पुकारली, की ती तव्यावर भाकरी टाकायची. मी पायरी चढूस्तोवर भाकरी फुगलेली. कधी चुकलं न्हाई. मूलबाळ न्हाई झालं. ती म्हणायची, तुमचा आवाज हाय की घरात दिवसभर.” ते थांबले. श्वास खरखरत होता. “ती गेली तवा मी ड्यूटीवर हुतो. तिनं ऐकलं आसंल शेवटचं, ते माझंच. कुठलं तरी गाव.”

मी खाली फरशीकडं बघत होते.

“आता सांग. ह्यो आवाज काढून फेकू? आन् मग ऱ्हाईलं काय माझं? रस्त्यानं चाललो तर कुत्रं वळखत न्हाई मला. तोंड कुणी बघितलंय? आवाज गेला की निकम गेला. मग ही हाडकं कुणासाठी जगवायची?”

मी त्यांच्या पेल्यात पाणी भरलं आणि घरी आले. त्या रात्री आईशीसुद्धा बोलले नाही. आईनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

सकाळी उठले आणि थेट स्टँडवर बाबरांच्या खोलीत गेले. दिवाळी तोंडावर आलेली, जादा गाड्यांच्या गडबडीत बाबरांच्या डोक्यावरची टोपी कानावर आली होती.

“काय पाहिजे, बाई?”

“भाऊबीजेला निकम तात्यांना माइक पाहिजे.”

“काय?”

“एक गाडी पुकारायला. एकच.”

“अहो, त्यांचा घसा...” बाबर थांबले. त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. “नियमात बसत नाही ते. बाहेरच्या माणसाच्या हातात माइक द्यायचा म्हणजे...”

“ते बाहेरचे?”

बाबरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. माइककडं बघत राहिले. पुढं म्हणाले, “मी नवीन आलो तेव्हा माइक हातात धरला की थरथर कापायचो. तात्या शेजारी उभे राहून माझ्या पाठीवर हात ठेवायचे.” मग एकदम खेकसले, “एकच गाडी. मायणीमार्गे विटा. मी कागदावर लिहून देईन तेवढंच वाचायचं. इकडचा शब्द तिकडं नाही.”

तात्यांना सांगितलं तर ते आधी माझ्यावरच तापले. “दया करताय व्हय माझ्यावर?” म्हणाले. मी म्हटलं, दया कसली, बाबरांचा आवाज ऐकून गावाचे कान किटलेत. त्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पण भाऊबीजेच्या सकाळी गेले तर अंगात इस्त्रीचा खाकी शर्ट होता. मफलर सोडून ठेवला होता.

स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. नव्या साड्या, पिशव्या, पिशवीतून डोकावणारे लाडवांचे डबे, कडेवर पेंगणारी पोरं. स्टँड मधल्या काळात वाढवला होता. पलीकडं नवे फलाट झाले होते. तात्या निवृत्त झाल्यापासून इकडं फिरकले नव्हते, त्यांनी नवीन काही पाहिलंच नव्हतं, आणि हे माझ्या किंवा बाबरांच्या डोक्यातही आलं नाही. आम्ही त्यांना मागच्या दारानं थेट खोलीत नेलं.

बाबर उठले आणि त्यांनी आपली खुर्ची पुढं केली. माइकसमोर कागद ठेवला. तात्यांनी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. माइकच्या मानेला हात लावला, तो थोडा खाली वाकवला, आणि डोळे मिटले.

“प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं.”

आवाज फाटका होता, घोगरा होता, मधे मधे तुटत होता. पण चाल तीच होती. काचेवरच्या जाहिरातींच्या फटीतून मी बाहेर बघितलं. सगळ्या स्टँडवर माना वर झाल्या होत्या, भोंग्याकडे. चहाच्या गाड्यावरचा माणूस गाळणी हातात धरून तसाच थांबला होता.

“मायणीऽ, कलेढोऽण, विटाऽ. मायणीमार्गे विट्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. फलाट क्रमांक तीन. माहेरवाशिणींनी पळू नये. तुम्हाला घेतल्याशिवाय गाडी हलायची नाही.”

बाबरांनी कपाळावर हात मारून घेतला. विट्याची गाडी आता सातवर लागायची. कागदावर ठळक सात लिहिलेलं होतं. सातवर बायकांचा थवाच्या थवा उभा होता, समोरून गाडी वळण घेत सातकडेच येत होती, आणि तात्यांनी सांगितलं होतं तीन.

पळू नये म्हटल्यावर कोण पळायचं थांबतं! सगळ्या जणी पिशव्या सावरत, पोरं ओढत, सातवरून तीनकडे धावल्या. कोणाचा डबा पडला, लाडू घरंगळले, कोणी ओरडलं, “अगं निकमच बोलला न्हवं त्यो? मग तीनच!” सातवर पाटी होती, गाडी होती, ड्रायव्हर होता. माणूस एक नव्हतं.

बाबरांनी माइककडे हात नेला. मग तात्यांकडं बघितलं. तात्यांचे डोळे अजून मिटलेले होते, आणि चेहरा असा, की मी तसा पुन्हा कधी बघितला नाही. बाबरांनी हात मागं घेतला. दार उघडून ते पळतच बाहेर गेले. काचेतून मला दिसत होतं. ते गाडीपुढं उभे राहून दोन्ही हात हलवत होते. ड्रायव्हर खिडकीतून वाकून काहीतरी सांगत होता, पाटीकडं बोट दाखवत होता. बाबरांनी पाटीकडं पाठ केली. गाडी मागं आली, वळली, आणि हळूहळू जाऊन तीनवर लागली.

तात्यांनी डोळे उघडले ते नेमके त्याच वेळी. उघड्या दारातून गाडी तीनवर लागताना दिसली. मग त्यांची नजर सातवरच्या पाटीवर गेली. त्यांनी कागद उचलला, लांब धरून वाचला, आणि खाली ठेवला.

बाबर धापा टाकत आत आले.

“चुकलो मी,” तात्या म्हणाले.

“तुम्ही कसे चुकाल?” बाबर घाम पुसत म्हणाले. “गाडी चुकली होती, तात्या. आणली जागेवर.”

मला वाटलं, झालं, मी भलतंच करून बसले. इतक्या हौसेनं आणलेला माणूस शरमेनं मान खाली घालून परत जाणार. तेवढ्यात कोणीतरी काचेवर टकटक केलं. मग टकटक दारावर आली, आणि दार ढकलून एक म्हातारी आत शिरली. हातात पिशवी, डोक्यावर पदर, पायांत एकच चप्पल. दुसरी पळताना कुठं तरी गेली असावी.

“आत्ता बोललं कोण ते?”

बाबरांनी बोट दाखवलं. ती जवळ आली आणि तात्यांना खालून वरपर्यंत निरखून बघू लागली.

“तू व्हय निकम? आगं बया! मला वाटलं, चांगला धिप्पाड गडी असशील!”

तात्या खुर्चीतून अर्धवट उठले.

“मी कलेढोणची. लगीन झाल्यापास्नं दर भाऊबीजेला तुझ्याच गाडीनं जातीय. भाऊ वारला माझा, तरी जातीय. घर बघून येती.” तिनं पिशवीत हात घालून डबा काढला, डब्यातून एक लाडू काढला, आणि तात्यांच्या हातावर ठेवला. “कुठं हुतास इतकी वर्सं? आवाज आला आन् मला भरूनच आलं.”

“म्हातारे,” तात्या म्हणाले, “ह्यो आवाज आता ऐकाय मिळायचा न्हाई. डॉक्टर काढून घेणार म्हणतोय. मग पुढच्या वर्साला मला कशावरनं वळखशील?”

म्हातारीनं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं एखाद्या खुळ्या धाकट्या भावाकडं बघावं.

“आता तोंड बघितलं न्हवं का तुझं!” ती म्हणाली. “आता आवाज कशाला लागतोय?”

बाहेर कंडक्टर ओरडत होता. म्हातारी वळली, दारात थांबली. “पुढच्या भाऊबीजेला हितंच बस. लाडू आणती,” म्हणाली आणि एका चपलेनं निघून गेली. गाडी तिला घेऊनच हलली.

परत जाताना तात्या माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. लाडू तसाच मुठीत. खोलीत गेल्यावर त्यांनी तो अर्धा केला, एक अर्धा मला दिला. मग उठून स्टँडकडची खिडकी उघडली. बाबर माइकाला दम देत होते.

“जयू, उद्या मिरजेची पहिली गाडी कितीला हाय?”

“तुम्हाला माहिती नाही?”

“माझ्या गाड्या आता कुठं ऱ्हाईल्या? बाबरला इचार जा.”

मी पळतच सुटले. वाटेत रडले, आणि मुल्ला सर दिसले तर त्यांच्या सायकलपुढंच जाऊन उभी राहिले.

ऑपरेशन झालं. तात्या मुल्ला सरांच्या घरी राहून बरे झाले आणि मग आपल्या खोलीत परत आले. गळ्याशी मफलर असायचा, आणि आवाज नव्हता. मी गुरुवारी जायचे आणि तशीच बोलत बसायचे. ते पेला वाजवायचे. एकदा, थांब. दोनदा, हं पुढं. आमचं काही अडलं नाही. पुढच्या भाऊबीजेला बाबरांनी त्यांची खुर्ची खोलीच्या बाहेर, उजेडात मांडली. कलेढोणची म्हातारी आली, आणि मग गेल्या वर्षी सातवरून तीनवर धावलेल्या आणखी किती जणी येऊन त्यांचं तोंड बघून गेल्या, मोजलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांच्या मांडीवर लाडूच लाडू झाले होते. पुढं बरीच वर्षं ते त्या खुर्चीवर बसले.

मला मात्र त्यातलं थोडंच बघायला मिळालं. माझं लग्न ठरलं, परभणीला. लग्नानंतर माहेरी पाचपरतावण उरकून नवऱ्याबरोबर परभणीला निघाले त्या दिवशी तात्या स्टँडवर आले होते. मी खिडकीशी बसले होते आणि ते खाली उभे. सरांनी उपदेशावर घातलेली बंदी मी इतके दिवस पाळली होती, पण त्या दिवशी मला राहवेना.

“औषध वेळच्या वेळी घ्यायचं. थंडीत मफलर सोडायचा नाही. खिडकी उघडी ठेवायची. बाबर बोलले तरी ठेवायची. आणि सर येतील तेव्हा जेवून घ्यायचं, भूक नाही म्हणून...”

मला थांबताच येत नव्हतं. थांबले असते तर रडले असते. माझा नवरा चकित होऊन बघत होता. त्याला अजून माझी सवय व्हायची होती.

तात्यांनी हात वर केला आणि खिडकीखालच्या पत्र्यावर एकदा थाप मारली. मी गप्प झाले. ते माझ्याकडं बघत राहिले, मी त्यांच्याकडं. त्यांचे ओठ हलले. मला वाटतं, ते परभणी म्हणाले. एखादं गाव म्हणताना म्हणायचे तसंच, सावकाश, शेवटचं अक्षर लांबवून.

मग त्यांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली, आणि ड्रायव्हरनं गाडी सोडली.